पावसाळ्याआधी बारक्या पोरांना फ्लूची लस: द्यायची की नको?

येळ्ळूरची आई
माझं मत सरळ आहे, द्यायची. आपल्याकडं बेळगाव भागात मेअखेरीस शाळा सुरू होतात, पाठोपाठ मिरगाचा पाऊस, आणि मग घरोघरी ताप-खोकला. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना ही लस दरवर्षी द्या म्हणते. गल्लीतल्या बायका म्हणतात, "गरजेची असती तर तायी कार्डावर (आई-बाळाच्या नोंदीच्या सरकारी कार्डावर) असती, आशाताईनं सांगितलं असतं." अहो, सरकारच्या मोफत यादीत ती नाही, म्हणून कार्डावर नाही. गरजेचा त्याच्याशी काय संबंध?

खानापूरकर
ताई, मी विरोधात. खासगीत एका डोसला हजाराच्या वर जातात. घरात दोन पोरं, आणि हे दरवर्षी! रोजगारावर जगणाऱ्यानं कुठनं आणायचे? बरं, पैसे घालून भावाच्या पोराला लस दिली, तरी महिन्याभरात तापानं फणफणला. जांबोटीच्या पावसात आम्ही भिजतच वाढलो की.

शहापूरची नर्स
दादा, प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. सर्दी-तापाचे विषाणू ढीगभर आहेत, ही लस फक्त इन्फ्लुएंझावर, म्हणजे फ्लूवर चालते. भावाच्या मुलाला दुसरा डोस दिला होता का? नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन लागतात, आणि दुसऱ्याला बरेच पालक फिरकतच नाहीत. लस अंगी लागायलाही दोनेक आठवडे जातात. विषाणू रूप बदलतो, म्हणून दरवर्षी नवी. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं काय केलं ते आठवा. तोही फ्लूच.

निपाणीचा मास्तर
पण खात्री किती, तेही सांगा की. लसीची विषाणूशी जुळणी चांगली बसली त्या वर्षी 40 ते 60 टक्के. एवढ्यासाठी गरिबाला कर्जात घालू नका. त्यापेक्षा आजारी पोराला शाळेत पाठवू नका, हे आधी पाळा. माझ्या वर्गात शेंबूड पुसत बसलेली चार-पाच पोरं रोज असतात.

शहापूरची नर्स
सर, घरी ठेवा हे बरोबरच. पण ताप यायच्या आदल्या दिवशीच पोर दुसऱ्याला आजार देऊन बसलेलं असतं. आणि लस घेतलेलं पोर आजारी पडलं तरी दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते. दम्याचं, हृदयाचा त्रास असलेलं पोर घरात असेल तर पैशाकडं बघू नका. श्वास जोरात चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणीही पीत नाही, असं दिसलं तर काढा उकळत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

खानापूरकर
धाकटीला पावसात धाप लागते. तिला देतो. थोरल्याला नाही, ते सरकारनं मोफत केल्यावर बघू. पण मेमध्ये पहिला दिला तर दुसरा जूनमध्ये येणार. भाताची कामं टाकून बेळगावला कोण जाणार?

येळ्ळूरची आई
मग पहिला एप्रिलातच उरका. दुसरा पेरणीच्या आधी होतो.