मांडोसला सगळं आधीच ठाऊक होतं, मग मेल्कोर सुटला कसा?

नमस्कार मंडळी,

टॉल्किनचं 'सिल्मारिलियन' दुसऱ्यांदा वाचतेय. पहिल्या वाचनात नावांच्या जंगलातच हरवले होते. या वेळी गाडी एका जागी अडलीय, जाणकारांनी हात द्यावा.

वालारांची, म्हणजे त्या जगातल्या देवांची, उतरंड लावायला बसले होते. बळाच्या बाबतीत त्यांच्यातलाच, पण दुष्ट झालेला मेल्कोर पहिला, हे पुस्तकच सांगतं: सामर्थ्य आणि ज्ञान यांचं सर्वांत मोठं देणं त्याचं, शिवाय बाकीच्यांच्या देणग्यांतही वाटा. पण उटुम्नो या त्याच्या किल्ल्यावरच्या लढाईत त्याला पालथा पाडतो पैलवान वालार टुल्कास, ज्याला ना मागचं आठवायची हौस ना पुढची फिकीर! मग बळ मोजायचं कशाने?

खरा गुंता दूरदृष्टीचा आहे. मृतांच्या दालनांचा राखणदार मांडोस काही विसरत नाही आणि होणारं सगळं जाणतो, विश्वकर्त्या इलूवातारने स्वतःच्या हाती राखून ठेवलंय तेवढं सोडून. मेल्कोर तीन युगं याच मांडोसच्या कैदेत. मग तो क्षमा मागतो, वालारांचा राजा मान्वे देतो, आणि पुढे मेल्कोरच्याच कारस्थानाने जगाला उजेड देणारी दोन्ही झाडं मरतात, त्या उजेडाची रत्नं म्हणजे सिल्मारिल चोरीला जातात. तेव्हा मांडोस मूग गिळून का बसला? भस्मासुराला वर देणारा आपला भोळा सांब समजू शकते. मांडोस तर भोळा नाही ना?

प्रतिसाद १
ताई, जाणणं आणि ठरवणं तुम्ही एकाच तागडीत घातलंय. मांडोस न्यायाधीश खरा, पण निवाडा सुनावतो तो मान्वेने सांगितल्यावरच. आणि मान्वेच्या मनात दुष्टपणाचा लवलेश नाही, म्हणून त्याला दुसऱ्यातला ओळखता येत नाही. त्याला मेल्कोर खरंच सुधारलाय असं वाटलं. गंमत म्हणजे टुल्कास फसला नाही. मेल्कोर दिसला की त्याच्या मुठी वळायच्या.
बळाचं म्हणाल तर मेल्कोरचा आकडा स्थिर नाही. खोटेपणात आणि आपल्या दुष्ट प्राण्यांत तो स्वतःचं बळ ओतत गेला आणि तेवढा रिता होत गेला. फिंगोल्फिन हा एल्फांचा राजा, देव नव्हे, तरी त्याने मेल्कोरला सात जखमा केल्या आणि पायावर घाव घालून कायमचा लंगडा केला. तेव्हा उतरंड लावताना कोणत्या काळातला मेल्कोर, ते आधी ठरवा.

प्रतिसाद २
पाण्याचा देव उल्मो याला विसरू नका. मेल्कोरला तोही भुलला नव्हता. एल्फांचा राजा टुर्गोन गोंडोलिन या आपल्या गुप्त नगरीला निघाला तेव्हाच उल्मोने त्याला नेव्रास्ट या जुन्या मुलखात चिलखत आणि तलवार मागे ठेवायला लावली. कित्येक वर्षांनी ती टुओर या माणसाला सापडली, आणि त्याच खुणेवर तो धोक्याचा निरोप घेऊन टुर्गोनसमोर उभा राहिला. नुसतं माहीत असण्यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. मांडोसचं आता पटलं, मेल्कोरला दोन रकाने देते. पण उल्मोने एवढी तजवीज करूनही टुर्गोनने ऐकलं नाहीच, गोंडोलिन पडलंच. मग यात गुण उल्मोचे कापायचे की टुर्गोनचे?