मदत हवी आहे: स्की आणि स्नोबोर्ड, दोन्हींना मानवेल असा डोंगर कोणता?

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात आठवडाभर बर्फात काढायचा बेत आहे. मी स्की करते, धाकटा भाऊ स्नोबोर्ड. अगदी नवखे नाही आहोत. निळे म्हणजे सोपे उतार आरामात होतात, लाल म्हणजे मध्यम उतारावर मी सांभाळून जाते आणि तो बिनधास्त सुटतो. ताज्या भुसभुशीत बर्फाची दोघांनाही ओढ आहे, पण आखलेल्या हद्दीबाहेर जाण्याइतकी तयारी आमची नाही आणि यंदा तरी तो विचारही नाही.

याद्या पुष्कळ वाचल्या. सगळीकडे तेच: एकूण किती किलोमीटरचे उतार, किती लिफ्ट, माथा ते पायथा किती मीटर. यावरून डोंगर मोठा आहे एवढंच समजतं. तिथे आम्हा दोघांना दिवसभर बरोबर राहता येईल का, हे कुठेच कळत नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय.

पहिली अडचण सपाट वाटांची. एका उतारावरून दुसऱ्याकडे जाताना मध्ये लांबलचक आडवी वाट आली की मी काठ्या टेकत पुढे निघून जाते. भाऊ आधी वेग टिकवून बघतो, मग बोर्ड थांबतो. खाली वाकून मागचा पाय बाइंडिंगमधून (बूट बोर्डला धरून ठेवणाऱ्या पकडीतून) सोडवतो, त्या पायाने ढकलत थोडं अंतर जातो, शेवटी बोर्ड काखेत मारून चालायला लागतो. बर्फ चढत चालणं किती दमवतं ते तुम्हाला माहीतच आहे. असं दिवसातून दोन-चारदा झालं की दुपारी त्याच्या पायांत त्राण राहत नाही, आणि थकलेल्या पायांनी उतरताना पडायला होतं. टी-बारचंही (बर्फावरून वर ओढत नेणारी दांडीची लिफ्ट) तसंच. स्की सरळ समोर असतात म्हणून मला तो ओढत नेतो. त्याला आडवं उभं राहून एका पायावर सगळा तोल धरावा लागतो.

दुसरी गोष्ट ढगाळ दिवसांची. झाडांच्या रेषेच्या वर सगळंच पांढरं होतं, खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे ते दिसत नाही, जमीन पायाला लागल्यावरच समजते. झाडं असली की त्यांच्या काळ्या खोडांवरून उताराचा अंदाज येतो. आठवड्यातले दोन दिवस असे निघाले तरी करण्यासारखं काही उरेल, असा डोंगर हवा.

अमेरिकेतले आल्टा आणि डिअर व्हॅली आपोआप बाद झाले, तिथे स्नोबोर्डला परवानगीच नाही. आता यादीत जपानचं निसेको, कॅनडाचं व्हिस्लर ब्लॅककोंब, स्वित्झर्लंडचं झरमॅट आणि काश्मीरचं गुलमर्ग उरलेत. चारही भारी आहेत यात शंका नाही. पण तुमचा सगळ्यात आवडता डोंगर कोणता, आणि त्यावरची नेमकी कुठली बाजू, कुठली लिफ्ट, दिवसाची कुठली वेळ, ते सांगाल का? यादीबाहेरचा असला तरी चालेल. तिथलं काय आवडलं नाही तेही मोकळेपणाने लिहा, त्याचीच जास्त मदत होईल.

पावडरप्रेमी

निसेको. दुसरं नाव मनात येतच नाही.

सैबेरियाकडून येणारी गार हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि होक्काइदोच्या डोंगरांना अडली की सगळं बर्फ होऊन खाली टाकते. त्यामुळे निसेको-आन्नुपुरी जेमतेम १,३०८ मीटर उंच असूनही जानेवारीत तिथे रात्रभर बर्फ पडतं आणि सकाळी कालच्या सगळ्या रेषा बुजलेल्या असतात. बर्फ इतकं हलकं की वळण घेताना छातीपर्यंत उडतं आणि आवाज म्हणून येत नाही. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांनी एकदा तरी जावंच.

झाडांबद्दल विचारलंत ना, तिथली बर्चची झाडं एकमेकांपासून चांगली दूर आहेत, मधून जाता येतं. एकाच डोंगरावर चार बाजूंनी चार रिसॉर्ट आहेत, वरून एकमेकांना जोडलेली. हिराफूच्या बाजूला संध्याकाळी दिवे लावतात, बर्फ पडत असताना त्या उजेडात उतरणं मला दिवसापेक्षाही आवडतं.

आवडलं नाही ते: वारा. माथ्याकडच्या लिफ्ट वाऱ्यामुळे वरचेवर बंद असतात. आणि खोल बर्फात मंद उतार आला की स्नोबोर्ड रुततोच. भावाला सांगा, वजन मागच्या पायावर आणि मध्ये अजिबात थांबायचं नाही.

दक्षिणउतार

वरच्या प्रतिसादाला जोडून एक महत्त्वाचं. निसेकोत हद्दीबाहेर जायला ठरावीक गेट आहेत. गेट बंद असेल तर बंद, दोरीखालून जाणं तिथे गंभीर गुन्ह्यासारखं धरतात, पास काढून घेतात. नव्वदच्या दशकापर्यंत तिथे हिमस्खलनात बरेच जीव गेले, त्यातून हे नियम आले. बर्फ मऊ आहे म्हणून धोका कमी, असा समज कृपया करून घेऊ नका. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार स्खलनाला सगळ्यात पोषक, आणि नेमके तेच उतार आपल्याला हवेहवेसे वाटतात. स्खलनाच्या इशाऱ्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, त्यांपैकी तिसरी ऐकायला मधली वाटते, पण बरेचसे मृत्यू त्याच पायरीच्या दिवशी होतात.

झाडांमधून जातानाही जोडीने जा आणि एकमेकांच्या नजरेत राहा. खाली लोंबणाऱ्या फांद्यांच्या झाडाखाली, बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो. त्यात डोकं खाली होऊन पडलं तर स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य असतं.

गोर्नरग्राट

आमचं घोडं झरमॅटवर. मॅटरहॉर्न (४,४७८ मीटर) दिवसभर समोर असतो आणि प्रत्येक वळणाला वेगळा दिसतो, त्याची सवयच होत नाही.

तुमच्या प्रश्नाला धरून सांगते. गोर्नरग्राटची रेल्वे पकडा. १८९८ पासून धावते आणि ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते. ना टी-बार, ना चेअरलिफ्ट. स्की आणि बोर्ड दोघंही शेजारी बसून वर. सकाळी लवकरची गाडी घेतली तर रात्री यंत्राने विंचरलेला उतार आपल्यालाच मिळतो. बर्फावर बारीक सरळ रेघा असतात, त्यावरून पहिल्यांदा स्कीची धार जाते तेव्हाची करकर ऐकायला मी पुन्हा पुन्हा जाते. निळे-लाल उतार लांब आहेत, दोघांनाही जमतील.

सगळ्यात वरची गोंडोला (तारेवरून जाणारी बंद डब्यांची लिफ्ट) ३,८८३ मीटरवर जाते. तिथून सीमा ओलांडून इटलीत चेर्विनियाला उतरता येतं, तिकडचे उतार रुंद, उन्हाचे आणि सोपे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर हिमनदीवर टी-बार आहेत. आणि दुपारी वारा सुटून वरच्या लिफ्ट बंद झाल्या तर तुम्ही दुसऱ्या देशात अडकता, रस्त्याने परत यायला फार मोठा वळसा पडतो. परतीची शेवटची वेळ सकाळीच फलकावर बघून घ्या.

ढगाळ दिवसाला मात्र झरमॅट कमी पडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बहुतेक उतार झाडांच्या वर आहेत.

अफरवात

गुलमर्ग माझं सगळ्यात लाडकं आहे, तरीही तुम्हाला यंदा नको म्हणेन.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, दुसरा थेट अफरवात शिखराच्या खांद्यावर, साधारण ३,९८० मीटरवर. तिथून जे दिसतं आणि जे उतरायला मिळतं त्याला तोड नाही. पण तो जवळजवळ सगळा मोकळा डोंगर आहे. यंत्राने सारखे केलेले उतार थोडेच. गोंडोलाच्या आसपासचा भाग गस्तीचं पथक तपासतं, त्याच्या बाहेर तुमची जबाबदारी तुमची. २०२४ च्या फेब्रुवारीत खिलनमर्गच्या बाजूला स्खलनात एक परदेशी स्कीअर गेला. शिवाय उंचीमुळे पहिल्या दिवशी डोकं दुखतं, धाप लागते.

आधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घ्या. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं वापरायचा सराव असू द्या, नुसतं पाठीवर असून भागत नाही. गाडलेल्या माणसाला वाचवायला मिनिटंच मिळतात. मग चांगला वाटाड्या घेऊन या. तेव्हा मी स्वतः सोबत येईन.

एकफळी

भावाच्या बाजूने लिहितो, मीही बोर्डवालाच.

व्हिस्लर ब्लॅककोंबला जा. दोन डोंगर, मधून ४.४ किलोमीटरची पीक टू पीक गोंडोला. दरीपासून ४३६ मीटर उंचीवरून जाते, साधारण अकरा मिनिटांत पलीकडे. चढायला बहुतेक गोंडोला आणि चेअरलिफ्ट. खालच्या अर्ध्या भागात दाट झाडी, वर वाटीसारखे मोकळे उतार, म्हणजे हवा बघून उंची निवडता येते. दोन्ही डोंगरांवर वरून खालपर्यंत सोप्या वाटा आहेत, त्यामुळे तुम्ही सोपी आणि भाऊ अवघड बाजू घेऊन त्याच लिफ्टपाशी भेटू शकता. ही सोय मला सगळ्यात मोठी वाटते.

सपाट वाट तिथेही आहे. व्हिस्लरच्या बाजूची बर्न्ट स्ट्यू नावाची सोपी, देखणी वाट आहे. देखावा बघायला भाऊ मध्येच थांबला की पुढे चालत जाणं आलंच. तिथे आधीपासून वेग धरायचा, वळणं कमी घ्यायची. बोर्डला तापमानाप्रमाणे ताजं मेण लावलेलं असलं की निम्मी अडचण संपते.

तोटा: गाव ६७५ मीटरवर आणि पॅसिफिक जवळ, त्यामुळे वर बर्फ आणि खाली पाऊस असे दिवस येतात. कपडे खरोखरचे जलरोधक घ्या.

आणखी एक. उतारांचे रंग सगळीकडे सारखे नसतात. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. लाल नाहीच, म्हणजे तुमचा लाल तिथल्या अवघड निळ्यात किंवा सोप्या काळ्यात येतो. जपानमध्ये हिरवा, लाल, काळा. त्यामुळे काळा हिरा बघून लगेच माघार घेऊ नका, आधी खालून डोळ्यांनी बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. याद्यांमधून जे आठवडाभरात कळलं नाही ते इथे एका संध्याकाळीत कळलं.

अफरवात, तुमचं अगदी पटलं. प्रशिक्षणाची चौकशी आजच सुरू केली, सोबत यायचं कबूल केलंत ते लक्षात ठेवतेय. गोर्नरग्राट ताई, त्या रेल्वेने मोह पडलाय, पण ढगाळ दिवसांची भीती जास्त आहे.

आता निसेको आणि व्हिस्लर उरलेत. भाऊ निसेको म्हणतोय, माझं मन एकाच लिफ्टपाशी भेटण्याच्या सोयीवर अडलंय. निसेकोतही तसं जमतं का? आणि दिवस कोणते धरावेत, जानेवारीचा मध्य की फेब्रुवारीची अखेर?

पावडरप्रेमी

जमतं. हिराफू आणि हानाझोनो या बाजूंना राहा, एकाच चेअरलिफ्टवरून सोपी आणि अवघड अशा दोन्ही वाटा फुटतात. चारही बाजू एका दिवसात फिरायचा हट्ट धरू नका, आडव्या वाटा त्यातच लागतात.

बर्फासाठी जाताय तर जानेवारीचा मध्य. ऊन कमी दिसेल, थंडी बोचेल, पण बर्फ तेव्हाच सगळ्यात हलकं. फेब्रुवारीअखेर आकाश मोकळं व्हायला लागतं, समोरचा योतेई (१,८९८ मीटर) पूर्ण दिसतो, मात्र उन्हाच्या बाजूचे उतार दुपारी जड होतात.

एकफळी

व्हिस्लर ठरवलंत तर उलट फेब्रुवारीअखेर घ्या. तोवर वर बर्फाचा थर चांगला बसलेला असतो आणि दिवसही मोठा झालेला असतो. भावाला विचारून काय ते कळवा, ठरलं की कुठल्या लिफ्टने दिवसाची सुरुवात करायची ते नकाशासकट लिहितो.