क्वारोनचा एकच सिनेमा बघायचाय, कुठला?

वाचनवेडी: नमस्कार मंडळी. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' आईला फार आवडला. त्यात कार्यकारी निर्माता म्हणून अल्फोन्सो क्वारोनचं नाव आहे. आई तेव्हापासून विचारतेय, मेक्सिकोचा माणूस मराठी सिनेमात कसा? रविवारी तिला त्याचा एखादा सिनेमा दाखवायचाय. दोन तासांच्या आतला हवा, तिची पाठ धरते. आणि दोघींना मिळून बघता यायला हवा.

पेठकर६८: 'रोमा'. दुसरा विचारच नको. आईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. रोलेक्सच्या गुरु-शिष्य योजनेत क्वारोन ताम्हाणेचा गुरू होता आणि 'रोमा'च्या चित्रीकरणाला ताम्हाणे मेक्सिकोत हजर होता.

कृष्णाकाठ: 'रोमा'च. सुरुवातीला फरशी धुतात आणि त्या पाण्यात वरून जाणारं विमान दिसतं. मी तिथेच गुंतले. फक्त मोबाईलवर बघू नका, मी ती चूक केली. पार्श्वसंगीत नाही, सगळी मजा रस्त्यावरच्या आवाजांत आहे. चांगले स्पीकर लावा.

ठाणेकर_नितीन: अहो, ताई दोन तास म्हणताहेत! 'रोमा' २ तास १५ मिनिटांचा आहे. 'ग्रॅव्हिटी' बघा, ९१ मिनिटं, ७ ऑस्कर. मी थिएटरात थ्रीडी पाहिला, खुर्चीचे हात घट्ट धरून. घरी बघायचा तर ५५ इंची टीव्ही घ्याच. मी घेतला, पैसे वसूल.

वाचनवेडी: टीव्ही ३२ इंची आहे, तोच राहणार.

मॅटिनी: सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर मिळालेला पहिला मेक्सिकन तोच, 'ग्रॅव्हिटी'साठी. मग मेक्सिकोच्याच इन्यारितूला लागोपाठ दोनदा, डेल टोरोला एकदा आणि 'रोमा'साठी पुन्हा क्वारोनला. सहा वर्षांत पाच! माझ्या मते तिघांत डेल टोरो सरस.

पेठकर६८: अजिबात नाही. 'रोमा'चं लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण तिन्ही क्वारोनचं. छायाचित्रणाचंही ऑस्कर मिळालं.

सांगलीची_सून: 'इ तू मामा ताम्बियेन' चुकूनही लावू नका! बक्षिसं वाचून मी सासऱ्यांसमोर लावला आणि पाच मिनिटांत उठून बंद केला. नंतर एकटीने पाहिला, लेखन अप्रतिम. क्वारोनने त्याचा भाऊ कार्लोससोबत लिहिलाय. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात २००१ मध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला, तोच २०२० मध्ये 'द डिसायपल'ला.

ठाणेकर_नितीन: परत सांगतो, 'ग्रॅव्हिटी'. ९१ मिनिटं.

अभंग_वाचक: 'चिल्ड्रन ऑफ मेन' कुणीच कसा सांगत नाही? २००६ चा. जगात मुलं जन्मणंच थांबलंय आणि एका गरोदर मुलीला वाचवायचंय. गाडीवरच्या हल्ल्याचा प्रसंग एकाच सलग शॉटमध्ये आहे. मी तो तीनदा मागे नेऊन पाहिला. दोन तासांच्या आत बसतो, पण हिंसा आहे.

कृष्णाकाठ: 'रोमा'च बघा, मध्ये चहा घ्या.

वाचनवेडी: सगळ्यांचे आभार. आम्ही काल १९९५ चा 'अ लिट्ल प्रिन्सेस' पाहिला, दीड तासाच्या थोडा वर. बोर्डिंग शाळेतली सारा मुलींना रामायण सांगते, राम-सीता आणि रावण पडद्यावर दिसतात. आई सरसावून बसली, पाठीचं नावही काढलं नाही. संपल्यावर म्हणाली, या माणसाला गोष्ट सांगता येते. 'रोमा' पुढच्या महिन्यात, दोन बैठकींत बघू.

पेठकर६८: दोन बैठकींत नको हो! समुद्राचा प्रसंग शेवटाकडे आहे, तिथपर्यंत सलग जा.