म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याला काय घालायचं: पिशवीतलं की घरचं?

पर्वतीपायथा: आमची चिंगी स्पिट्झ, वय १२, वजन ६ किलो. दुकानदार म्हणतो, आता 'सीनियर' लिहिलेलंच खाद्य घाला. किंमत दीडपट. माझं मत विचाराल तर हे पैसे पिशवीवरच्या छपाईचे. अमेरिकेतल्या 'आफ्को'चे (पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे) निकष बरेच उत्पादक पाळतात. त्यात वाढीचं वय आणि प्रौढ एवढेच गट, म्हाताऱ्यांचा वेगळा गटच नाही. म्हणजे सीनियर कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यापेक्षा घरचा चिकन-भात घाला, विषय संपला.

कोथरूडची काकू: निकषांचं पटलं. 'विषय संपला' तेवढं खोडा. हाडाविना चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. महिनोन् महिने तेच घातलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. अंड्याच्या टरफलांची पूड चालते, पण किती घालायची ते डॉक्टरांनी सांगू दे. शिजवलेली हाडं तर नकोच, चिरफळ्या होतात त्यांच्या. आणि आपल्याकडे 'घरचं' म्हणजे शेवटी आपल्या ताटातलं! वाटणातला कांदा-लसूण, शिऱ्यातले बेदाणे, सगळं कुत्र्यांना विषारी.

नळस्टॉप: आमच्या आजीच्या मोत्याने जन्मभर दूधपोळी खाल्ली. १५ वर्षं जगला. तेव्हा कुठे होत्या पिशव्या?

कोथरूडची काकू: अहो, जगला त्याच्याच गोष्टी सांगतात. ६ किलोच्या म्हाताऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण ३०० ते ३५० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या पुढे. तिसरा हिस्सा तिथेच गेला, प्रथिनं मात्र जेमतेम. दूध तर कित्येकांना पचत नाही.

नळस्टॉप: पण म्हातारपणी प्रथिनं कमीच करायची असतात ना? किडनीवर ताण येतो म्हणे.

रात्रपाळी सहकारनगर: उलट आहे, दादा. किडनी धड असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायू टिकवायला प्रथिनं जास्तच लागतात. किडनी खरंच बिघडली असेल तर मुख्य म्हणजे फॉस्फरस कमी करतात, त्याचं खाद्य वेगळं असतं आणि ते डॉक्टर सांगतात. म्हणून आधी रक्त-लघवी तपासा, मग पिशवीवरून भांडा. दातही बघून घ्या. छोट्या जातींचे दात-हिरड्या लवकर खराब होतात. आपण म्हणतो नखरे करते, आणि तिला चावताना दुखत असतं. कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवलं की वासही सुटतो, चावायलाही सोपं.

पर्वतीपायथा: तपासणी करतो. 'सीनियर' पिशवी मात्र घेणार नाही. वजन, दात, रिपोर्ट ठीक असतील तर प्रौढांचंच खाद्य चालू ठेवेन, वर थोडं उकडलेलं चिकन.

कोथरूडची काकू: वरचं चिकन दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात बसवा, म्हणजे समतोल ढळत नाही. पुढे खाद्य बदललंत तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत न्या, एकदम बदललं की पोट बिघडतं. आणि गणपतीत पाहुण्यांवर नजर ठेवा, 'एवढंसंच दिलं हो' म्हणत जो तो प्रसाद भरवतो.