पाण्यावरच्या व्हिलाला सहापट पॉइंट : हा हिशेब कसा मांडावा?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न :

सगळ्यांना नमस्कार. सुट्ट्यांचे सभासदत्व विकणाऱ्या एका कंपनीचे प्रेझेंटेशन छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलात होते आणि पेट्रोल पंपावर भरून दिलेल्या कुपनामुळे आम्हालाही त्याचे बोलावणे आले. सभासदत्व पॉइंटांचे आहे. एकरकमी ७ लाख रुपये भरायचे, मुदत २५ वर्षांची, दरवर्षी ५०० पॉइंट मिळणार आणि वार्षिक देखभाल शुल्क सध्या २५,००० रुपये. त्यांच्या तक्त्यात साधी खोली एका रात्रीला ४० पॉइंटांना आहे, तर मालदीवमधला पाण्यावरचा व्हिला २५० पॉइंटांना. म्हणजे वर्षभराचे सगळे पॉइंट दोन रात्रींत संपतात. प्रतिनिधीने व्हिलाचे भाडे रात्रीला ७०,००० रुपये असल्याचे दाखवले आणि एका फेरीतच दोन वर्षांचा खर्च वसूल होतो, असे समजावून सांगितले. व्हिलाचे पान वेगळे, सोनेरी किनारीचे होते. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘तक्त्यात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ असे छापले होते.

दुसरी गोष्ट अशी की, माझे दीर न्यू जर्सीला असतात आणि त्यांच्याकडे डिस्नेच्या सभासदत्वाचे पॉइंट आहेत. पुढच्या वर्षी आम्ही दोघे, दोन मुले आणि सासू-सासरे असे सहा जण तिकडे जाणार आहोत. फ्लोरिडातील पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये पाण्यावरच्या बंगल्यात राहू, असे त्यांचे म्हणणे आहे. तिथेही साध्या स्टुडिओच्या, म्हणजे एकाच खोलीच्या घराच्या, सहा-सातपट पॉइंट लागतात. दोन देशांतल्या दोन कंपन्या पाण्यावरच्या घराला असा भाव का लावतात आणि तो पटण्यासारखा आहे का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

लेखापाल (छत्रपती संभाजीनगर) :

ताई, ७ लाखांना २५ ने भागून वर्षाला २८,००० रुपये पडतात, असे प्रतिनिधी सांगतात. पैसे मात्र आज एकदम जातात आणि सुट्ट्या पंचवीस वर्षे थोड्या थोड्या करून मिळतात, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही. हेच ७ लाख ७ टक्के व्याजाने ठेवून २५ वर्षांत समान हप्त्यांनी मुद्दलासकट काढून घेतले, तर दरवर्षी सुमारे ६०,००० रुपये हाती येतात. तेव्हा सभासदत्वाची वार्षिक किंमत ६०,००० धरावी लागेल. त्यात २५,००० देखभाल शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळवला की वर्षाचा आकडा ८९,५०० रुपयांवर जातो, आणि एक पॉइंट १७९ रुपयांना पडतो.

या दराने व्हिलाची एक रात्र ४४,७५० रुपयांना आणि साध्या खोलीची एक रात्र ७,१६० रुपयांना पडते. ७०,००० रुपयांच्या छापील भाड्याशी तुलना केली तर व्हिला स्वस्त वाटेल, आणि तेवढ्यासाठीच ते पान वेगळे काढलेले असते. परंतु मालदीवला कुटुंब पंचवीस वर्षांत किती वेळा जाईल, याचा विचार घरी शांतपणे करावा. उरलेल्या वर्षांत हेच पॉइंट महाबळेश्वर, गोवा किंवा कूर्गच्या साध्या खोल्यांवर खर्च होतील, आणि तशी खोली एरवी किती भाड्याने मिळते हे फोन करून कोणालाही विचारता येते. व्हिला दाखवून जे विकले जाते, त्याचा वापर प्रत्यक्षात साध्या खोलीसाठी होतो. त्यामुळे सभासदत्वाचा भाव साध्या खोलीच्या भाड्याशीच ताडून पाहायला हवा.

देखभाल शुल्क वाढते, हेही हिशेबात धरावे. ते वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेले तरी चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट होईल आणि पॉइंट तेवढेच राहतील. वापरले नाहीत तर ते किती काळ पुढे नेता येतात, हेही लेखी विचारून घ्या. घरात कोणी याला गुंतवणूक म्हणत असेल, तर त्यांना आवर्जून सांगा की ही रक्कम खर्च म्हणूनच धरायची असते. खोल्यांच्या रात्रींना परताव्याची जोड देऊन पैसे गोळा करण्याचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. पॅनकार्ड क्लब्सच्या प्रकरणात सेबीने २०१६ साली ७,००० कोटींहून अधिक रकमेच्या परताव्याचा आदेश दिला होता आणि गुंतवणूकदारांची संख्या पन्नास लाखांच्या वर होती.

प्रवासमित्र (जालना) :

मालदीवच्या बाबतीत एक भर घालतो. पॉइंट दिले म्हणजे खर्च संपला, असे होत नाही. माले विमानतळापासून बेटापर्यंत स्पीडबोटीचे किंवा सीप्लेनचे भाडे द्यावे लागते आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. विमान उशिरा उतरले तर मालेजवळ एक मुक्काम वाढतो. मोठ्या रिसॉर्टमध्ये हरित कर माणशी दर रात्रीला १२ डॉलर आहे. जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा वस्तू व सेवा कर १७ टक्के झाला आहे आणि जेवणाच्या बिलावर त्याशिवाय १० टक्के सेवाशुल्क लागते. बेटावर दुसरे हॉटेल नसल्यामुळे सहा जणांना तिन्ही वेळा तिथेच जेवावे लागेल. यांपैकी काय पॉइंटांत धरलेले आहे आणि काय नाही, हे कंपनीकडून कागदावर घ्या.

गोदातीर (मूळ नांदेड, सध्या फ्लोरिडा) :

भाव असा का, हा आपला मूळ प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पॉलिनेशियनमध्ये मी राहिलो आहे आणि तिथल्या पॉइंटांच्या तक्त्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे.

पाण्यावरच्या खोलीला मोल आले ते तिच्या दुर्मिळतेमुळे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर वाळूचा चांगला किनारा नव्हता, म्हणून १९६७ साली तिथल्या एका हॉटेलाने थेट पाण्यात खांब रोवून खोल्या बांधल्या आणि नंतर ती कल्पना जगभर गेली. डिस्नेने २०१५ साली फ्लोरिडात बांधलेले असे बंगले केवळ २० आहेत. प्रत्येकात दोन शयनगृहे, दोन स्नानगृहे आणि आठ जणांच्या झोपण्याची सोय आहे. मागच्या लाकडी ओट्यावर डुंबण्यापुरते छोटे कुंड आहे आणि रात्री तिथे बसून तळ्यापलीकडच्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानाची आतषबाजी दिसते. दिवसा समोरून फेरीबोटी जातात आणि त्यांचे भोंगे अंथरुणापर्यंत ऐकू येतात. सासऱ्यांची झोप सावध असेल तर हेही लक्षात घ्यावे.

पण सहा-सातपट भावाचे सगळे कारण एवढ्यात येत नाही. पॉइंटांच्या पद्धतीत कंपनी आधी प्रत्येक खोलीला वर्षभराचे पॉइंट नेमून देते आणि त्यांची जी बेरीज होते तेवढेच पॉइंट ती विकू शकते. त्या रिसॉर्टमध्ये सुरुवातीला ३६० स्टुडिओ आणि २० बंगले होते. एक बंगला सात स्टुडिओंच्या बरोबरीचा धरला, तर २० बंगल्यांवर १४० स्टुडिओंइतके पॉइंट बसतात, म्हणजे एकूण पॉइंटांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. बंगल्याचा भाव चढा ठेवला की तितकेच जास्त पॉइंट विकायला मिळतात, आणि ते विकत घेणाऱ्याने बंगल्यातच राहिले पाहिजे असे काही नाही.

याचा परिणाम मात्र सगळ्यांना भोगावा लागतो. जायकवाडीच्या कालव्यावर आपण पाहतो की, धरणातले पाणी ठरलेले असते आणि वरच्या बाजूला जास्त पाणी लागणारे पीक उभे राहिले की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांची पाळी हुकते. इथे उलट्या दिशेने तेच घडते. बंगल्यांच्या नावावरचे पॉइंट घेतलेले लोक बंगल्यात न जाता स्टुडिओ मागतात, त्यामुळे बंगले रिकामे राहतात आणि स्टुडिओंवर गर्दी होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच रिसॉर्टमध्ये नवा टॉवर सुरू झाला आणि तो जुन्याच सभासद-संघात सामील करण्यात आला, म्हणजे जुन्या-नव्या खोल्या आणि त्यांचे सभासद एकत्र आले. त्याने खोल्या वाढल्या, पण मागणारेही वाढले.

म्हणून कोणत्याही पॉइंट सभासदत्वात मी एकच गोष्ट आधी तपासतो : एकूण बेरीज बांधलेली आहे का? डिस्नेच्या व्यवस्थेत एका दिवसाचे पॉइंट वाढवले तर दुसऱ्या दिवसाचे कमी करावे लागतात. वर्षाची बेरीज तीच राहायला हवी. २०२० सालासाठी काढलेल्या तक्त्यांत काही खोल्यांची बेरीज वाढते आहे, असा आक्षेप सभासदांनी घेतला आणि २०१९ च्या सुरुवातीला कंपनीने ते तक्ते मागे घेतले. तुम्हाला दाखवलेल्या पानावर अशी काहीच मर्यादा नाही. आज २५० पॉइंटांचा व्हिला उद्या ४०० चा झाला, तर ‘तक्त्यात बदल करण्याचा अधिकार’ या तळाच्या ओळीच्या आधारे कंपनी आपली बाजू मांडेल.

वकील, परभणी :

गोदातीर यांनी सांगितलेली ओळ कायद्याच्या दृष्टीनेही सर्वांत महत्त्वाची आहे. फ्लोरिडात टाइमशेअरसाठी, म्हणजे सुट्ट्यांच्या अशा सभासदत्वासाठी, स्वतंत्र कायदा असून खरेदीनंतर दहा दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला त्या कायद्यानेच मिळतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी रद्द करण्याची मुदत, परताव्याची टक्केवारी आणि तक्ता बदलण्याची मर्यादा ही तीनही कलमे करारात असावीत, आणि तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन कंपनीच्या ई-मेलवरून मागवून घ्यावे. ‘आजच सही केली तरच हा भाव’ असे म्हणणाऱ्याकडून कराराचा मसुदा घरी आणायला मागा. तो देत नसतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. पुढे वाद झालाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहता तिथे, म्हणजे लातूरच्या जिल्हा आयोगात करता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आपली रक्कम त्याहून मोठी असल्याने थोडे शुल्क लागेल. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणेही उपयोगी पडते.

मांजराकाठ (लातूर) :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. लेखापाल यांचा हिशेब मी यजमानांसमोर कागदावर मांडला आणि कंपनीला आम्ही नकार कळवला आहे. आता प्रश्न राहिला तो दिरांच्या पॉइंटांचा. ते आपुलकीने देत आहेत, पण त्यांचे वर्षभराचे पॉइंट आमच्या हौसेपायी संपावेत, हे सासूबाईंना आणि मलाही योग्य वाटत नाही. सहा जणांसाठी कोणती व्यवस्था करावी?

गोदातीर (मूळ नांदेड, सध्या फ्लोरिडा) :

ताई, आपण सहा जण असल्यामुळे एका बंगल्याची तुलना एका स्टुडिओशी न करता दोन स्टुडिओंशी करायला हवी, कारण एका स्टुडिओत जास्तीत जास्त पाच जणांची सोय होते. मग सातपटीचा फरक साडेतीनपटीवर येतो. तोही लहान नाही, म्हणून मी असे सुचवीन की, मुक्कामाच्या बहुतेक रात्री दोन स्टुडिओंत काढाव्यात आणि बंगला एकाच रात्रीसाठी घ्यावा. ती रात्र रविवार ते गुरुवार यांमधली असावी, कारण शुक्रवार-शनिवारी जास्त पॉइंट लागतात. दिरांचे मूळ रिसॉर्ट, म्हणजे ज्याचे पॉइंट त्यांनी विकत घेतले ते, पॉलिनेशियन असेल तर त्यांना अकरा महिने आधी आरक्षण करता येईल. दुसरे असेल तर सात महिने आधी. अशा वेळी आधी स्टुडिओ पक्के करा, कारण ते लवकर भरतात आणि बंगला त्या मानाने नंतरही मिळण्याची शक्यता असते. पॉइंट कमी पडले तर पुढच्या वर्षातले उसने घेण्याची सोय त्यांच्या सभासदत्वात आहे. मात्र उसने घेतलेले पॉइंट साधारणपणे परत पुढच्या वर्षात टाकता येत नाहीत, म्हणून प्रवासाच्या तारखा आणि सासू-सासऱ्यांचे व्हिसा नक्की झाल्यावरच त्यांना ते घ्यायला सांगा.