५५५ + ४०१७ वाला सिक्वेन्सर (एकामागून एक ठरलेले सूर वाजवणारं सर्किट) करतोय, अडकलोय, सल्ला द्या

झिरो_पीसीबी
मंडळी, गेले तीन रविवार हेच चालू आहे. सत्तरच्या दशकातलं जुनं सर्किट आहे, ५५५ ही टायमर आयसी टिकटिक करते, ४०१७ ही मोजणारी आयसी प्रत्येक टिकला आपले आउटपुट आळीपाळीने वर करते, प्रत्येक आउटपुटला एक पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), पॉटच्या मधल्या पायातून ४१४८ डायोड, आणि सगळे डायोड एकाच तारेवर. ते व्होल्टेज माझ्या छोट्या सिंथच्या सीव्ही इनला (व्होल्टेजवरून सूर ठरवणाऱ्या इनपुटला) जातं, एक व्होल्टला एक सप्तक. आठ पायऱ्या ठेवल्यात, म्हणून ४०१७ ची ९ नंबरची पिन १५ ला म्हणजे रीसेटला दिलीय. एलईडी पळतात मस्त, पण मध्येच दोन पायऱ्या एकदम टाकतं, आणि हात बोर्डाजवळ नेला की एकतर थांबतं नाहीतर सुसाट सुटतं. आई म्हणते भानामती आहे. दुसरं म्हणजे सूर काही केल्या लागत नाही. पॉट १०के चे आहेत, डायोडच्या तारेनंतर ऑप-अँप आयसी टीएल०७२ लावू की एलएम३५८? आधीच सांगा, एकदा सोल्डर केलं की मी उपसत बसत नाही.

मखरवाला
४०१७ ची १३ नंबरची पिन कुठे जोडलीय?

झिरो_पीसीबी
कुठेच नाही. त्या चित्रात दाखवलीच नव्हती.

मखरवाला
हीच तुमची भानामती. ती क्लॉक अडवणारी पिन आहे, ४०१७ सारख्या सीमॉस आयसीची इनपुट पिन हवेत सोडली की ती अँटेना होते, तुमच्या हाताचा गुणगुणाट पकडते. सरळ ग्राउंडला टाका. अहो हे सर्किट म्हणजे गणपतीच्या मखराचं रनिंग लाईटच, डिप्लोमाला असताना निम्म्या वर्गाने तेच केलेलं, फक्त तुम्ही त्याला पॉट लावलेत.

झिरो_पीसीबी
ग्राउंड केली, हात काय अख्खा माणूस नेला तरी आता ढिम्म. पण दोन पायऱ्यांची उडी अजून अधूनमधून होतेच.

तापकीर_गल्लीकर
ते ५५५ चं काम. साधा एनई५५५ आउटपुट पलटताना सप्लायमधून क्षणभर मोठा करंट ओढतो, त्या झटक्याला ४०१७ टिक समजतो. दोन्ही आयसीच्या सप्लाय पिनांना चिकटून १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लावा, चिकटून म्हणजे चिकटूनच, दोन इंच लांब नाही, आणि सप्लायला एक १०० मायक्रोफॅरड. नाहीतर सरळ ७५५५ घ्या, सीमॉसवाला, त्याच पिनांवर बसतो.
पॉट १०के नको, १००के लिनियर घ्या, वर बी१००के लिहिलेलं. ४०१७ च्या आउटपुटमध्ये दम नसतो, आणि तुम्ही एलईडी पण त्याच आउटपुटवर लावलेत ना? मग ९ व्होल्ट ९ राहतच नाहीत. एलईडीला प्रत्येकी एक बीसी५४७ द्या, बेसला १०के. आठ ट्रान्झिस्टर वाढतात, कंटाळा येतो, पण इलाज नाही. डायोडच्या तारेवरून ग्राउंडला १ मेगचा रेझिस्टर विसरू नका, आणि एलएम३५८ च लावा, सिंगल ९ व्होल्टवर टीएल०७२ ला ग्राउंडजवळचं व्होल्टेज झेपत नाही, उलटंसुलटं काहीतरी बाहेर टाकतो.

झिरो_पीसीबी
केलं सगळं! उडी बंद. पण सूर? पॉटला नुसतं नखाने ढकललं तरी सा चा रे होतो.

मखरवाला
होणारच की. पॉट फिरतो जेमतेम २७० अंश आणि त्यात तुम्ही ९ व्होल्ट म्हणजे ९ सप्तकं कोंबलीत, एका सप्तकाला ३० अंश, सप्तकात स्वर बारा, म्हणजे एका स्वराला अडीच. घड्याळजीचं काम झालं ते. ३५८ च्या पुढे १०के चा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) टाकून दोनेक व्होल्टवर आणा, मग स्वराला साधारण ११ अंश मिळतात, हाताला जमतं. सा साठी पॉट अगदी खाली नेऊ नका, डायोड तळाचे ०.६ व्होल्ट खातो, तिथे पॉट फिरवूनही काही होत नाही.

तंबोरा_ऑफ
जरा वेगळं सांगू का? कानाने लावायच्या आधी मल्टिमीटरने लावा. सिंथला जाणाऱ्या व्होल्टेजवर मीटर धरा, सा चं जे काय येईल त्याच्या वर रे १६७ मिलिव्होल्ट, ग ३३३, प ५८३, ध ७५०, वरचा सा बरोबर १ व्होल्ट, झाला भूप राग. मग तंबोरा लावून गंधार थोडा खाली घ्या, ३२२ च्या आसपास, बघा कसा बसतो. साध्या कीबोर्डवर हे जमत नाही, इथे पॉट असल्याचा हाच फायदा.
आणि आठ पायऱ्या कशाला? सा रे ग प ध सां ध प ग रे, मोजा, दहा होतात आणि परत सा वर येतं. ४०१७ ला आउटपुट किती? दहा! १५ नंबरची पिन सरळ ग्राउंडला टाका, आरोह-अवरोह अख्खा फिरेल.

झिरो_पीसीबी
दादा, हे काल सांगायचं ना. बिस्किटांच्या डब्याला मोजून आठ भोकं पाडून बसलोय.

तापकीर_गल्लीकर
झाकणाला पाडा दोन.