अनुभव धागा: गोव्यात एमबीए केलेल्यांनो, आताच्या मुलांसाठी तुम्ही काय केलंत?

नमस्कार मंडळी. आपल्यातलं कोणी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात शिकलं, कोणी गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये, आधी रायबंदरला किंवा नंतर साखळीला. आता तिथे शिकणाऱ्या मुलांना तुमचा काय उपयोग झाला, ते लिहा. 'करायला हवं' नको, केलेलं लिहा. माझं मत आधीच सांगते: सभागृहातलं भाषण मुलं विसरतात, शेजारी बसून केलेलं काम विसरत नाहीत.

डिचोलीकर
आमचा काजूचा कारखाना. दर उन्हाळ्यात समर इंटर्नशिपला एकाला तरी घेतो. नेमका तेव्हाच काजूचा हंगाम असतो, ही मोठी सोय. वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्यात गुंतलेला पैसा, पुस्तकात वाचून आलेली मुलं इथे बघतात की बिया मार्च ते मे या दिवसांत घेऊन ठेवायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. पैसा आधी जातो, गर सावकाश विकला जातो. बँकेच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या फिरत्या कर्जाचा, उतारा मी व्याजासकट त्यांच्यासमोर ठेवतो. लपवून काय शिकणार ती?

मागच्या खेपेला आलेल्या मुलीला डब्ल्यू 320 ही काजूगराची प्रत म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 गर, हे इथेच कळलं. पण ती बिया फोडणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसली, अख्खा गर किती आणि तुकडा किती याची रोज नोंद ठेवली आणि जाताना प्रतवारीप्रमाणे नफ्याचा तक्ता हातात दिला. तो आम्ही अजून वापरतो.

स्टायपेंड मात्र द्याच. फुकट राबवून घेणं ही मदत नव्हे.

पर्वरीची
मी एचआरमध्ये आहे, मुलांचे सीव्ही वाचून देते. 'फेस्टची जबाबदारी यशस्वीपणे पार पाडली' अशी ओळ दिसली की विचारते, प्रायोजक कोणी आणले? नाही कोण म्हणालं? मग तू काय केलंस? खरी गोष्ट तिथे निघते.

एका मुलाची आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकते. हा लहानपणापासून तिच्यासोबत बसायचा, पण सीव्हीत त्याचा उल्लेखही नव्हता. मी म्हटलं, दर कसा ठरवता, संध्याकाळी उरलेल्या मालाचं काय करता, ते लिही. मुलाखतीत त्याला सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले, आणि बोलताना तो एकदाही अडखळला नाही. मला फार आनंद झाला.

सत्तरीकर
2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हाची गोष्ट. आमच्या एका ज्युनियरच्या वडिलांचे खनिज वाहणारे ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालूच. पोरगा कुणाला काही बोलला नाही, त्याच्या मित्राकडून कळलं. आमच्या बॅचने पैसे जमवले आणि फी थेट संस्थेत भरली. कोणी दिले हे त्याला सांगितलं नाही. परत द्यायची अट नाही, 'पुढे तूही कुणाला तरी मदत कर' असंही नाही. शिकणाऱ्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं कशाला?

पेडणेकर, सध्या पुणे
माझं काम छोटं. ऑफर लेटर आलं की मुलं फोन करतात. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा बघून घरी पेढे वाटून झालेले असतात. मी त्यातून पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारं व्हेरिएबल वेगळं काढून महिन्याला हातात काय पडेल ते सांगतो, मग पुण्यातलं खोलीभाडं. ही गोष्ट घरात पहिल्यांदाच कंपनीत जाणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

दुसऱ्या वर्षाची
तुम्हा सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. एक विनंती करू का? आम्ही लिंक्डइनवर मेसेज करतो तो दर वेळी नोकरीसाठी नसतो. पुष्कळदा एवढंच विचारायचं असतं की मार्केटिंग घेऊ की फायनान्स, तुमचा दिवस कसा जातो. जमणार नसेल तर 'नाही' कळवा, चालेल. उत्तरच आलं नाही तर पुन्हा विचारायचा धीर होत नाही.

पर्वरीची
@दुसऱ्या वर्षाची, बरोबर बोललीस. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते. सीव्ही पाठव, एका पानात बसव, आणि तुझ्याबरोबरच्या आणखी कुणाला हवं असेल तर त्यांनाही सांग.